गर्भाशय-अंतःस्तराच्या कर्करोगाचा लसीकाग्रंथींतील प्रसार : धोक्याचे घटक व आपले कर्तव्य

रजोनिवृत्तीनंतर पुन्हा दिसणारा रक्तस्राव आपल्याकडे पुष्कळदा रक्तप्रदर समजून हाताळला जातो. वस्तुतः सुश्रुताचार्यांनी आर्तवाचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. रजोनिवृत्ती झाल्यावर येणारे रक्त हे आर्तव नव्हे, हा बोध त्यातूनच मिळतो. असा स्राव होणाऱ्या साधारण दहा स्त्रियांपैकी एकीस गर्भाशयाच्या अंतःस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा, कर्करोग आढळतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. स्थौल्य, मधुमेह, अपत्यहीनता, प्रोजेस्टेरॉनविना दीर्घकाळ घेतलेले इस्ट्रोजेन व टॅमॉक्सिफेन हे व्याधी उत्पन्न होण्याचे धोके होत. व्याधी लसीकाग्रंथींत पसरेल काय, हे मात्र मुख्यतः अर्बुदाच्या स्वरूपावर ठरते. त्याचे प्रमुख घटक असे :

१) स्नायुस्तरातील खोली : अर्बुद गर्भाशयाच्या स्नायुस्तराच्या निम्म्याहून आत शिरल्यास धोका वाढतो.
२) पेशींची श्रेणी : तिसऱ्या श्रेणीचे अर्बुद अधिक आक्रमक असते.
३) पेशींचा प्रकार : सीरस, क्लिअर सेल व कार्सिनोसार्कोमा हे प्रकार स्नायुस्तरात फारसे न शिरताही पसरू शकतात. सीरस प्रकार कृश स्त्रीतही आढळतो.
४) लसीकावाहिन्या व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत पेशींचा प्रवेश.
५) गर्भाशयग्रीवेच्या आधारऊतीत प्रसार, तसेच दोन सेंटिमीटरहून मोठे अर्बुद.

अमेरिकेतील गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपने 1987 मध्ये 621 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोग गर्भाशयापुरताच मर्यादित वाटत असूनही 9 टक्के रुग्णांच्या श्रोणीतील लसीकाग्रंथींत कर्करोग आढळला. पहिल्या श्रेणीत हे प्रमाण 3 टक्के, तर तिसऱ्या श्रेणीत 18 टक्के होते. तिसरी श्रेणी व खोल शिरकाव एकत्र असता ते 34 टक्क्यांवर गेले.

हे घटक नाडीवरून वा उदरपरीक्षणाने कळत नाहीत. सोनोग्राफीने अंतःस्तराची जाडी समजते, बायॉप्सीने प्रकार व श्रेणी, एम.आर.आय.ने खोलीचा अंदाज. अंतिम निर्णय शस्त्रक्रियेनंतरच्या ऊतिपरीक्षेने होतो. सरसकट सर्व ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे 2008 व 2009 मधील दोन मोठ्या चाचण्यांनी दाखविले. म्हणून आता सेंटिनेल, म्हणजे प्रथम लसीका पोहोचते ती ग्रंथी, तपासण्यावर भर आहे. ग्रंथी काढलेल्या रुग्णेच्या पायास सूज आल्यास त्या पायावर जलौकावचारण वा जोराचे मर्दन करू नये.

आपल्या सोलापूर जिल्ह्यास या विषयाची परंपरा आहे. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शी येथे सुरू झाली. तेथील स्त्रियांत गर्भाशयग्रीवेचा कर्करोग ठळकपणे दिसून आला. म्हणून रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णेत ग्रीवेची प्रत्यक्ष तपासणीही अपरिहार्य होय. सोलापूरचे शासकीय सर्वोपचार रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय ही जवळची ठिकाणे आहेत.

चिकित्सकांना आमची विनंती अशी की, रजोनिवृत्तीनंतर रक्ताचा एक डागही दिसला तरी निदान होण्यापूर्वी स्तंभनचिकित्सा आरंभू नये. बोलबद्ध रसाने वा पुष्यानुग चूर्णाने स्राव थांबला तरी अर्बुद थांबले असे होत नाही. उलट इशारा देणारे लक्षण तेवढे झाकले जाते. औषधविक्रेत्यांनीही अशोकारिष्टाची बाटली देण्यापूर्वी रुग्णेचे वय व पाळी केव्हा थांबली हे विचारावे, आणि पाळी थांबल्यानंतरचा स्राव असल्यास तिला तपासणीस पाठवावे. अर्बुदाचा प्रकार आपल्या हाती नाही; विलंब टाळणे मात्र निश्चित आपल्या हाती आहे. अर्बुद स्नायुस्तरात खोल जाण्यापूर्वी निदान झाल्यास बहुतेक रुग्णा बऱ्या होतात.