वस्त्राच्या चुण्या आणि संगणकाचे गणित

ॲनिमेशनपटातील पात्राने हात वर केला आणि बाहीवर चुणी पडली नाही, तर तो सदरा पत्र्याचा वाटतो. पिक्सारच्या १९९७ मधील 'गेरीज गेम' या लघुपटात वृद्ध गेरीच्या कोटाच्या चुण्या हाताने न रेखाटता गणिताने घडविल्या होत्या. हे गणित समजून घेण्याजोगे आहे.

कापड ताणले जाण्यास मोठा विरोध करते, वाकण्यास मात्र फारच थोडा. त्यामुळे त्याची दोन टोके जवळ आली की मधली लांबी आक्रसत नाही, ती वर उचलली जाते. हीच चुणी. संगणकात कापड म्हणजे बिंदूंची जाळी असते. ताण, तिरकस ओढ आणि वाक यांसाठी बिंदूंमध्ये काल्पनिक स्प्रिंगा कल्पिलेल्या असतात. ताणाची स्प्रिंग कडक असल्याने काळाचे टप्पे अतिसूक्ष्म घ्यावे लागत. अन्यथा कापड पडद्यावर अक्षरशः उधळून जाई. पुढील क्षणाची स्थिती समीकरणातच धरून मोठे टप्पे घेण्याची पद्धत डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये मांडली आणि खर्चाचे गणितच बदलले. तरीही बारीक चुण्या महागच पडतात. शंभर बाय शंभर बिंदूंची जाळी दोन्ही बाजूंनी दुप्पट केली, तर बिंदू दहा हजारांवरून चाळीस हजार होतात. निऱ्यांचे पदर एकमेकांत घुसू नयेत म्हणून करावी लागणारी तपासणी वेगळीच.

चुणी खरी वाटते ती कापडाच्या आकड्यांमुळे. ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सुती, डेनिम, चामडे, रबर आणि रेशीम यांचे तयार मूल्यसंच मिळतात. खादी, मलमल, पैठणी त्यांत नाहीत! आपल्या कलावंताला हे आकडे अंदाजाने बसवावे लागतात, आणि त्यात जाणारे श्रम कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत.

वस्तुतः हे आकडे मोजता येतात. वस्त्रोद्योगातील कावाबाता यंत्रे कापडाचा ताण, तिरकस ओढ आणि वाक मोजतात; त्यांच्या नोंदींवरून कापड कसे लोंबेल हे वर्तविण्याचे काम १९९४ मध्येच झाले होते. मुंबई, अहमदाबाद व कोइम्बतूर येथे वस्त्रसंशोधन संस्था आहेत. ॲनिमेशन क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. एकदा मोजलेला आकडा कितीही जणांनी वापरला तरी झिजत नाही. म्हणून खासगी स्टुडिओ त्यावर खर्च करणार नाही, तो सार्वजनिक निधीतूनच व्हावा. आरंभ हातमागाच्या निवडक वाणांपासून करावा, आणि खळ असलेले व धुतलेले कापड वेगवेगळे मोजावे. कारण दोहोंच्या चुण्या सारख्या पडत नाहीत.