पणजोबांचा माग कसा काढाल?

आजोबांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. पणजोबांचेही कदाचित असेल. पण खापरपणजोबांचे नाव विचारले की बहुतेकांचे घोडे अडते. एका पिढीचे अंतर सरासरी २७ वर्षे धरले, तर तुमच्या आणि खापरपणजोबांच्या जन्मांत चार पिढ्यांचे, म्हणजे सुमारे १०८ वर्षांचे अंतर येते. खडकाचे वय लाखो वर्षांत मोजणाऱ्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीचा आपलाच पूर्वज सापडू नये, हे नवल नाही काय?

तो शोधण्याची रीत विज्ञानाचीच आहे. पुरावे गोळा करायचे, ते एकमेकांशी ताडून पाहायचे आणि न जुळणारा तर्क सोडून द्यायचा. ही रीत समजून घेण्यासाठी आपण नंदुरबार जिल्ह्यातील काठी हे गाव घेऊ. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात वसलेले हे गाव तेथील होळीसाठी प्रसिद्ध आहे. इंग्रजी अमदानीत ते खानदेशातील एका मेहवासी संस्थानाचे ठिकाण होते.

आधी जिल्हा कोणता ते ठरवा

काठी गाव जागेवरच राहिले, पण जिल्ह्याचे नाव बदलत गेले. १९०६ पर्यंत खानदेश, मग पश्चिम खानदेश, महाराष्ट्र राज्य झाल्यावर धुळे आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. म्हणजे १९२० सालचा कागद 'नंदुरबार जिल्हा' या नावाखाली शोधणारा माणूस रिकाम्या हातानेच परतणार! आपल्या गावाच्या बाबतीतही पहिले काम हेच करावे.

जनगणना : गावाची खबर, घराची नाही

भारतात १८७२ च्या सुमारास पहिली जनगणना झाली. देशभर एकाच वेळी केलेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. मग त्या यादीत आपल्या पूर्वजाचे नाव पाहता येईल का? इंग्लंडमध्ये येते. तेथे शंभर वर्षांनी घरोघरचे तक्ते खुले होतात. १९२१ चे तक्ते २०२२ साली खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्याकडे मात्र १९४८ च्या जनगणना अधिनियमाने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे. आपल्याला मिळतात ती गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची एकूण संख्या.

या आकड्यांचा उपयोग नाही असे मात्र समजू नका. १९११ मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली! याचे मोठे कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. घरातील म्हातारी माणसे 'एका साथीत अर्धे घर गेले' असे सांगत असतील, तर त्या बोलण्याला हा आकडा आधार देतो. नाव न सांगताही तो काळ सांगतो.

लष्करी दप्तर : जो भरती झाला त्याचेच नाव

१८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची एक पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. १८९१ मध्ये ही पलटण पोलिस दलात विलीन झाली. पलटण म्हटली की हजेरी, पगार आणि पेन्शनचे कागद आलेच. पण हे कागद सरकारने आपल्या सोयीसाठी लिहिले. त्यात शिपाई असतो. त्याची आई, बायको, बहिणी बहुधा नसतात.

लिहिणाऱ्याची नजर किती महत्त्वाची, पाहा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या सैनिकांचे बसऱ्याला स्मारक आहे. ते उभारताना इंग्रज सैनिकांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या दिली. ती माणसे नव्हती असे थोडेच आहे? कोरणाऱ्याने त्यांची नावे कोरली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

वृत्तपत्रे : बातमी झाली तरच

मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली निघाले, 'केसरी' १८८१ साली. जुन्या अंकांत नेमणुका, खटले, दुष्काळ, सभा यांच्या बातम्या मिळतात. जाहीर नोटिशीही वाचा. मिळकतीच्या नोटिशीत कधी कधी सगळ्या वारसांची नावे एकाच ठिकाणी सापडतात. मात्र सातपुड्यातला शेतकरी शहरातल्या छापखान्यापर्यंत पोचायचा, तो बहुधा काही संकट आले किंवा बंड झाले तरच. १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी लढणारा खाज्या नाईक सरकारी कागदांत 'लुटारू' आहे. आज आपण त्याला क्रांतिकारक म्हणतो. माणूस एकच, लिहिणारे हात दोन!

गावातले कागद

आता घराजवळ या. शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, सातबारा, फेरफार यांत पूर्वजाचे नाव सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील, तर मोडी वाचणारा माणूस गाठावा लागेल. काठीसारख्या गावात आणखी एक अडचण आहे. मेहवासी वतने रद्द करणारा विनियम १९६१ चा आहे. त्याआधी शेत कसणाऱ्या प्रत्येकाचे नाव कागदावर चढलेच असेल, असे धरून चालता येत नाही.

शाळेच्या रजिस्टरातही सावध राहा. त्यात कितीतरी मुले १ जूनला जन्मलेली दिसतील! शाळा जूनमध्ये सुरू होई. जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून लिहीत. जनगणनेतही असेच घडते. वय नक्की ठाऊक नसलेली माणसे ३०, ३५, ४० असे शून्य किंवा पाच शेवटी असलेले आकडे सांगतात.

आठवण आणि कागद यांचा मेळ

आपण एक काल्पनिक उदाहरण सोडवू. समजा, काठीतील एका मुलीच्या आजोबांची जन्मतारीख रजिस्टरात १ जून १९३६ आहे. आजोबांची थोरली बहीण सांगते, 'गुलाम महाराज वारले तेव्हा हा नुकता चालू लागला होता.' तळोदे भागात आदिवासींमध्ये सुधारणेची चळवळ करणारे गुलाम महाराज १९३८ मध्ये वारले. मूल वर्षा-सव्वा वर्षाचे असताना चालते. म्हणजे जन्म १९३७ च्या आसपास. दोन स्वतंत्र पुरावे जवळपास जुळले. आपण 'सुमारे १९३७' असे लिहू.

आता पिढीमागे २७ वर्षे वजा करा : १९१०, १८८३, १८५६, १८२९, १८०२. घरात सांगतात, 'आजोबांचा पणजोबा भिल्लांच्या पलटणीत होता.' तो तिसरा, म्हणजे सुमारे १८५६ चा. पलटण १८९१ पर्यंत होती, तेव्हा हे शक्य आहे. पण 'तो औट्रमसाहेबाने स्वतः भरती केलेला' असे कोणी म्हणाले, तर ते जुळत नाही. १८२५ चा तरुण शिपाई पाचव्या पायरीवर, १८०२ च्या आसपास जन्मलेला हवा. तेव्हा एक तर मधली दोन नावे गळाली, नाही तर औट्रमचे नाव मागाहून जोडले गेले. कोणते खरे, ते पुढच्या पुराव्यावरून ठरेल.

हा खटाटोप कशासाठी?

हा केवळ हौसेचा विषय नाही. वनहक्क अधिनियम २००६ साली झाला. त्याच्या २००८ च्या नियमांत जंगलजमिनीवरील हक्कासाठी कोणते पुरावे चालतील ते दिले आहे. त्यांत जनगणना आणि गॅझेटियर आहे. जुन्या जमीनदप्तरातील किंवा गावच्या मान्य रहिवाशापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. ग्रामसभेने एकाहून अधिक पुरावे पाहावेत, असेही नियम सांगतो. म्हणजे नीट विचारून नीट लिहून ठेवलेली आजीची आठवण कायद्याच्या दरबारीही मोलाची आहे.

करून पाहा

एका वहीत चार रकाने आखा : नाव, माहिती, कोणी सांगितली किंवा कुठे लिहिली, केव्हा. घरातील सर्वांत वडील माणसापासून सुरुवात करा. 'तुमचा जन्म कधीचा?' असे विचारू नका. '१९७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?' असे विचारा. आजी, पणजी यांची माहेरची गावे आवर्जून लिहा. कागदांनी त्यांना बहुधा वगळले आहे. ऐकलेले आणि वाचलेले वेगळ्या शाईने लिहा. शिक्षकांनी वर्गाच्या वह्या एकत्र केल्या, तर गावाचा इतिहास हाती लागेल.

कागद पुढच्या वर्षीही कपाटात असतील. आजी-आजोबांना मात्र याच सुट्टीत विचारा.