रकाना फुकट, भरायचे पैसे

आमच्या मुलांच्या मासिकाच्या कचेरीत लाल पुठ्ठ्याची जुनी वर्गणीदार-वही आहे. नाव, पत्ता, रक्कम, पावती क्रमांक असे छापील रकाने, आणि समासात बारीक अक्षरात शेरे: 'शिबिर', 'आजोबांकडून भेट', 'शाळेतर्फे'. भेट म्हणून आलेले वर्गणीदार पुढच्या वर्षी टिकतात का, असं विचारलं की जुने व्यवस्थापक पानं उलटून दहा मिनिटांत सांगायचे. वर्गणी ऑनलाइन कापली जाऊ लागली तेव्हा छापील रकाने संगणकात गेले. समास वहीतच राहिला.

आता बिलिंगच्या पडद्यावर कोणी किती भरले, कधी भरले, कुठली योजना घेतली हे सगळं दिसतं. हा माणूस आला कुठून आणि मासिक कोणासाठी घेतो, हे दिसत नाही. दर महिन्याला वर्गणी घेणाऱ्या कुणाचीही, मग तो डबेवाला असो की ऑनलाइन योगवर्ग, हीच अडचण असते. उपाय एकच, आपले रकाने त्या नोंदीला जोडायचे. किती पैसे लागतात?

जोडायला काहीच लागत नाही. ऑनलाइन पैसे कापून घेणाऱ्या सेवांपैकी रेझरपेत प्रत्येक नोंदीला 'नोट्स' असतात: रकान्याचं नाव आणि मजकूर अशा जास्तीत जास्त १५ जोड्या, प्रत्येकीत २५६ अक्षरांपर्यंत मजकूर. स्ट्राइपमध्ये यालाच 'मेटाडेटा' म्हणतात. तिथे ५० जोड्या बसतात. रकान्याचं नाव ४० अक्षरांत आणि मजकूर ५०० अक्षरांत मावला पाहिजे. दोन्हीकडे याचं वेगळं बिल येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. स्ट्राइपमध्ये ग्राहकाच्या नोंदीवर लिहिलेलं त्याच्या सबस्क्रिप्शनवर आपोआप उतरत नाही. हिशेब सबस्क्रिप्शनवरून काढणार असाल, तर शेराही तिथेच लिहा.

पैसे जातात ते रकाना भरण्यात. समजा १,२०० जुने वर्गणीदार आहेत आणि प्रत्येकाला फोन करून 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' विचारायचं आहे. फोनमागे तीन मिनिटं धरली तरी ६० तास झाले. तासाला २०० रुपये देत असाल तर १२,००० रुपये, तेही सगळ्यांनी पहिल्याच घंटीला उचलला तर. शिवाय दोन वर्षांपूर्वी कुठे कळलं होतं, हे कुणाला आठवतंय? लोक सौजन्याने काहीतरी सांगतात आणि आपण ते आकडा म्हणून मिरवतो. त्यापेक्षा नव्यांना अर्जातच विचारा आणि जुन्यांना नूतनीकरणाच्या वेळी. वार्षिक वर्गणी असेल तर टिकलेल्यांचा रकाना वर्षभरात बिनखर्चात भरतो. तोवर जागा मोकळी सोडू नका, 'माहीत नाही' असं लिहा. मोकळ्या रकान्याकडे पाहून विचारायचं राहून गेलं की उत्तर मिळालं नाही, ते कळत नाही.

काही रकाने तर भरलेलेच असतात, आपण ते वाचत नाही एवढंच. पिनकोडचंच घ्या. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणली. त्यांनी देशाची विभागणी सहा आकड्यांत बसवून दिली आहे: ४०० मुंबई, ४०३ गोवा, ४११ पुणे. पहिले तीन आकडे कापून वेगळे ठेवले की भागानुसार गट तयार. आमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट हाती लागली. पैसे भरणाऱ्याचा पिन आणि अंक जातो तो पिन वेगळा असेल, तर बहुतेक वेळा ती भेट असते. पैसे भरणारे आजोबा पुण्यात, नातू नाशकात. 'भेट' हा शेरा कुणालाही न विचारता मिळाला.

जीएसटी क्रमांक देणारे ग्राहक असतील तर तोही वाचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: 'पी' व्यक्ती, 'एफ' भागीदारी, 'सी' कंपनी, 'टी' न्यास. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहिलं की काम झालं.

विचारून भरायचा रकाना असेल तिथे टंकायला जागा देऊ नका, यादीतून निवडायला लावा. आमच्या पहिल्या तक्त्यात पुणे चार होती: 'पुणे', 'पूना', 'पुणे शहर' आणि शेवटी एक अदृश्य मोकळी जागा असलेलं 'पुणे '. त्या चौथ्याने माझी एक दुपार खाल्ली.

त्याहून महागात पडली ती एक्सेल. आमचा वर्गणीदार क्रमांक १६ आकडी होता (मीच ठरवलेला, तारीख, केंद्र आणि अनुक्रम जोडून). एक्सेल संख्येचे १५च आकडे जपते, सोळाव्याच्या जागी शून्य टाकते. फाइल उघडली, जतन केली आणि दहा-दहा वर्गणीदार एकाच क्रमांकावर येऊन बसले. बिलिंगमधून सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागलं. क्रमांकाचा रकाना आयात करतानाच 'मजकूर' म्हणून घ्यायचा, किंवा सुरुवातीला एक अक्षर जोडायचं.

जुना शेरा खोडून नवा लिहिला की मागचा इतिहासही बदलतो. साताऱ्याचं कुटुंब पुण्याला आलं, आपण रकाना सुधारला आणि गेल्या जानेवारीचा साताऱ्याचा आकडा आपोआप घटला. म्हणून 'सुरुवातीला' आणि 'सध्या' असे दोन रकाने ठेवा आणि पहिल्याला कधी हात लावू नका. तसंच 'वर्गणी थांबली' हा एकच गट करू नका. रेझरपेमध्ये 'हॉल्टेड' म्हणजे पैसे कापण्याचे प्रयत्न फसल्याने थांबलेली आणि 'कॅन्सल्ड' म्हणजे रद्द केलेली. पहिल्याला नवं कार्ड जोडायला सांगायचं असतं, दुसऱ्याला कारण विचारायचं असतं. दोन्ही एकत्र मोजलीत तर चुकीच्या माणसाची मनधरणी कराल.

आकडे पाहायला काही हजार ग्राहकांपर्यंत गूगल शीट्स आणि पिव्होट टेबल पुरतं. वर्गणीच्या विश्लेषणाची तयार परदेशी साधनंही आहेत, पण त्यांचं बिल डॉलरमध्ये येतं आणि जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. इतरांना त्याचं क्रेडिट मिळतं. छापील नियतकालिकं करमुक्त असल्याने आमच्यासारख्यांना मिळत नाही, तो निव्वळ खर्च.

मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता असे रकाने आमच्याही पहिल्या यादीत होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या बाबतीतल्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आम्ही ते तिन्ही काढले. वयोगट हवाच होता, तो योजनेच्या नावात आला: 'लहान गट', 'मोठा गट'. मुलाबद्दल वेगळं काही लिहून ठेवावं लागलं नाही.

अकरा रकान्यांची यादी होती. प्रत्येकापुढे मी एकच प्रश्न लिहिला: याचा आकडा वेगळा आला तर पुढच्या महिन्यात आपण काय वेगळं करू? आठांपुढे कुणालाच काही लिहिता आलं नाही. उरले तीन: कुठून आला, भेट की स्वतःसाठी, आणि सुरुवातीचा पिन. त्यातही 'शिबिर' गटात जेमतेम ४० नावं आहेत. तीन गेले की साडेसात टक्के गळती दिसते आणि संपादक शिबिरं बंद करायला निघतात. त्यामुळे त्या ओळीसमोर मी टक्केवारी लिहिणं बंद केलं आहे. फक्त 'तीन' लिहितो, आणि त्या तिघांना फोन करतो.