जुना शर्ट, नवं फिटिंग: कात्री लावण्याआधीचा हिशोब

व्हिडिओत शर्ट बारीक करून दाखवला, पण मापं आणि पैशांचा हिशोब तिथे घाईत उरकला गेला. म्हणून इथे सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

आधी खरेदी. जुने कपडे विकत घ्यायचे म्हटलं की काहींना अजून संकोच वाटतो. अहो, भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेऊन पुढे विकणाऱ्या बोहारणी आपण लहानपणापासून बघतोय. धंदा जुनाच आहे, आपण त्यात फक्त शिलाई घालतोय.

शर्ट निवडताना खांदा बघा. खांदा बरोबर आणि अंगात ढगळ, असा शर्ट आपल्या कामाचा. खांदाच मोठा असेल तर दोन्ही बाह्या उसवून परत लावाव्या लागतात, त्यात अर्धा दिवस जातो. तंग शर्ट तर स्वस्तात मिळाला तरी नको. टेलरने शिवलेल्या ब्लाउजमध्ये आत माया सोडलेली असते, रेडीमेड शर्टात ती नावालाच असते. शिवाय उसवलं की आतला न विटलेला रंग आणि जुन्या टिपेची रेघ दिसते. मग कापड उजेडात धरा, काखेतले पिवळे डाग आणि कॉलरची घडी तपासा. कॉलर घासली असेल तर तो शर्ट फिटिंगला नको, पिशवीला ठेवा. घरी आणल्यावर धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करूनच मशीनवर घ्यायचा.

आता माप. इथे दहातले सात जण चुकतात असा माझ्या क्लासचा अनुभव आहे. समजा शर्टाची छाती ४४ आहे, हवी ४०. कमी करायचे ४ इंच. म्हणून दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत टीप मारली, तर शर्ट ३६ चा होतो! कारण प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात. म्हणून जेवढं कमी करायचं त्याला चाराने भागा. ४ इंचांसाठी जुन्या टिपेपासून फक्त १ इंच आत.

शर्ट उलटा करा. खालचा घेर दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच उसवा, नाहीतर दुमड जाड होऊन टोक वर येतं. खडूने रेघ मारा, टाचण्या लावा आणि हाताने धावदोरा घाला. काखेपाशी कोन करायचा नाही, रेघ गोलाई देत बाहीत न्यायची आणि कोपरापर्यंत हळूहळू जुन्या टिपेला मिळवायची. आता घालून हात वर करून बघा. शर्ट फार वर ओढला जात असेल तर काखेत जास्त घेतलंय, तेवढं सोडा. मगच मशीन. साध्या सुती शर्टाला १४ नंबरची सुई चालते. जीन्सला १६ किंवा १८.

आणि आतलं जादा कापड? विकायच्या शर्टाचं कापून इंटरलॉक करा. गिऱ्हाइकाच्या कपड्याचं विचारल्याशिवाय कापू नका. दुकानाच्या पहिल्या वर्षी एक ताई नवऱ्याचा शर्ट घेऊन आल्या होत्या. ते वारले होते, मुलगा दहावीत होता, त्याच्या मापाचा करायचा होता. मी केला, छान बसला. आत सफाई दिसावी म्हणून जादा कापड कापून टाकलं. दीड वर्षाने त्या परत आल्या, म्हणाल्या, "आता तो अंगाने भरलाय, थोडा सोडून देता का?" सोडायला काही उरलंच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, शर्टाची घडी घालून पिशवीत ठेवली. तेव्हापासून माझ्या पावती बुकात एक ओळ असते: माया ठेवायची की कापायची?

शेवटी पैसे. उदाहरणादाखल आकडे धरूया, तुमचे तुम्ही घाला. १० शर्ट प्रत्येकी ६० ला, धुणं-इस्त्री १५. झाले ७५०. त्यातला एक वाया जातो असं धराच. उरलेल्या ९ शर्टांना दोरा-बटणं १० आणि पिशवी १०. वेळ पाऊण तास, तुमचा तास ८० रुपयांचा धरला तर ६०. म्हणजे ९ गुणिले ८०, ७२० रुपये. एकूण १४७०. भागिले ९, साधारण १६४ रुपये एका शर्टाला.

बघा, खरेदी ६० ची होती! "६० चा शर्ट १५० ला विकला, ९० सुटले" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांचे १४ रुपये खिशातून जातायत, आणि बायकांच्या बाबतीत तर तो ६० रुपयांचा वेळ कुणी मोजतच नाही, अगदी त्या स्वतःसुद्धा. भाव २४० ते २५० च्या खाली ठेवू नका, कारण घासाघीस होणारच.

या आठवड्यात घरातलाच एक ढगळ शर्ट घ्या, मोबाईलवर वेळ लावा आणि उसवण्यापासून इस्त्रीपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. पहिल्यांदा दोन तास लागतील, लागू द्या. पुढच्या व्हिडिओत जीन्सची कंबर घेणार आहे, तेव्हा तो आकडा लागेल.