एक डॉलरची सही आणि नऊ जणींची एकी

मैत्रिणींनो,

या महिन्याचा अभ्यास पाठ एका टेनिस खेळाडूवर आहे. तुम्ही म्हणाल, ताई, टेनिसचा आणि आपला काय संबंध? मध्ये जाळी, दोन्हीकडे एकेक खेळाडू, हातात रॅकेट, एवढंच आपण टीव्हीवर बघतो. पण या बाईनं मैदानाबाहेर एक मोठी लढाई लढली. काम सारखं, कष्ट सारखे, मग बाईला पैसे कमी का, हा तिचा प्रश्न होता. खुरपणी-काढणीच्या दिवसांत आपल्या बैठकीतही हाच विषय निघतो. म्हणून हा पाठ गटात एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

साठवलेले आठ डॉलर

तिचं नाव बिली जीन किंग. जन्म २२ नोव्हेंबर १९४३, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, लाँग बीच या शहरात. वडील आग विझवणाऱ्या दलात नोकरीला, आई घर सांभाळायची. अकरा वर्षांची असताना तिला टेनिसची गोडी लागली. रॅकेट घ्यायची तर पैसे हवेत. मग शेजारीपाजारी छोटी-मोठी कामं करून तिनं पैसे साठवले आणि आठेक डॉलरची पहिली रॅकेट स्वतःच्या पैशानं घेतली. म्हणजे तिचीही सुरुवात बचतीनंच झाली! शहराच्या सार्वजनिक मैदानावर फुकट शिकवणी मिळायची, तिथं ती खेळ शिकली.

तेव्हा टेनिस म्हणजे मोठ्या लोकांच्या क्लबचा खेळ. लहानपणी एका स्पर्धेत सगळ्या मुलांचा फोटो काढायचा होता. बिली जीनला त्यातून बाजूला काढलं. कारण काय, तर तिच्या अंगात टेनिसचा स्कर्ट नव्हता, आईनं घरी शिवलेली पांढरी अर्धी पँट होती. हा खेळ सगळ्यांचा झाला पाहिजे, ही गोष्ट तिच्या मनात तेव्हापासून बसली.

१९६१ मध्ये सतराव्या वर्षी तिनं जोडीदारीण कॅरन हँट्झ हिच्यासोबत इंग्लंडमधली विम्बल्डन स्पर्धा जिंकली. १९६६ मध्ये तिथंच एकेरीत, म्हणजे एकटीनं खेळून, विजेती झाली. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विम्बल्डन आणि अमेरिका या चार स्पर्धा टेनिसमध्ये सर्वांत मोठ्या मानतात. त्यांत एकेरी, दुहेरी, मिश्र मिळून तिनं ३९ विजेतेपदं मिळवली.

हिशेब मांडला तेव्हा

१९६८ मध्ये विम्बल्डननं पहिल्यांदा खेळाडूंना रोख बक्षीस दिलं. पुरुषांमध्ये जिंकलेल्या रॉड लेव्हरला २,००० पौंड आणि बायकांमध्ये जिंकलेल्या बिली जीनला ७५० पौंड. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत तर पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर जाहीर झाले. आठपटीहून जास्त फरक!

एकट्यादुकट्या बाईनं तक्रार केली असती तर कोणी विचारलं नसतं. पण त्या नऊ जणी एकत्र आल्या. सात अमेरिकेच्या, दोन ऑस्ट्रेलियाच्या. ग्लॅडिस हेल्डमन नावाची बाई टेनिसचं मासिक चालवायची. तिनं ह्यूस्टन शहरात फक्त बायकांची वेगळी स्पर्धा ठेवली. अमेरिकेच्या टेनिस संघटनेनं बजावलं, तिथं खेळाल तर बंदी घालू. बंदी म्हणजे मोठ्या स्पर्धा गेल्या, नाव गेलं, पोट गेलं. तरी २३ सप्टेंबर १९७० ला नऊही जणींनी करारावर सह्या केल्या. कराराची रक्कम प्रत्येकीला फक्त एक डॉलर. त्या एक डॉलरनं कोणाचं पोट भरणार नव्हतं. पण आम्ही या कामाच्या मालकिणी आहोत आणि आता मागे फिरणार नाही, हे त्या सहीनं सांगितलं.

त्यातून बायकांच्या स्पर्धांचा दौरा उभा राहिला. या खेळाडू स्वतः लोकांना तिकिटं द्यायच्या, वार्ताहरांना भेटायच्या. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, बिली जीननं वर्षभरात एक लाख डॉलरहून जास्त बक्षिसं कमावली. खेळात इतकं कमावणारी ती पहिली स्त्री.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. या दौऱ्याचा खर्च उचलला तो एका सिगारेट कंपनीनं. पैसा आला, पण तो तंबाखूचा होता. गटाला कोणी मदत देऊ केली तर ती कोणाची आहे, हे बघायचं की नाही, यावर तुम्हीच विचार करा.

एकीची संघटना झाली

१९७३ च्या सुरुवातीला बायकांचे दोन दौरे चालू होते. क्रिस एव्हर्ट, इव्हॉन गूलागाँग यांच्यासारख्या नावाजलेल्या खेळाडू दुसऱ्या दौऱ्यात होत्या. फूट असेल तर समोरच्याचं फावतं, हे बिली जीनला कळत होतं. त्या जूनमध्ये लंडनच्या एका हॉटेलात साठहून जास्त खेळाडूंची बैठक झाली. निर्णय झाल्याशिवाय कोणी बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं होतं! त्या बैठकीत महिला टेनिस संघटना स्थापन झाली आणि बिली जीन तिची पहिली अध्यक्ष झाली.

त्याआधी १९७२ मध्ये अमेरिकेची स्पर्धा जिंकल्यावर तिला १०,००० डॉलर मिळाले होते, पुरुष विजेत्याला २५,०००. तिनं सांगून टाकलं की बक्षीस सारखं झालं नाही तर पुढच्या वर्षी मी येणार नाही. फरकाची रक्कम भरायला एक कंपनी पुढे आली आणि १९७३ मध्ये दोघांनाही २५,००० डॉलर जाहीर झाले.

त्याच वर्षी बॉबी रिग्ज नावाच्या ५५ वर्षांच्या जुन्या विजेत्यानं आव्हान दिलं, की बायकांचा खेळ कमीच, या वयातही मी त्यांना हरवतो. मार्गारेट कोर्टला त्यानं खरंच हरवलं. मग २० सप्टेंबर १९७३ ला ह्यूस्टनमध्ये ३०,४७२ लोकांसमोर बिली जीननं त्याला ६-४, ६-३, ६-३ असं सरळ हरवलं. त्याला थकवायचं ठरवून ती खेळली.

आता हे वाचून नवल वाटेल. तेव्हा अमेरिकेत बाईनं बँकेत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड मागितलं, की कितीतरी ठिकाणी नवऱ्याची सही मागायचे. बाई म्हणून किंवा लग्नावरून कर्जात भेदभाव करायचा नाही, असा कायदा तिथं १९७४ मध्ये झाला. आज आपण गटाच्या नावानं, आपल्या सहीनं कर्ज उचलतो. ती सही किती मोलाची आहे, हे यावरून समजावं.

पडता काळ

१९८१ मध्ये तिच्यावर वेगळंच संकट आलं. एका स्त्रीशी असलेलं तिचं नातं कोर्टातल्या दाव्यामुळे जगासमोर आलं. नाकारून मोकळं होता आलं असतं. पण तिनं वार्ताहरांसमोर खरं सांगितलं. चोवीस तासांत तिच्या जाहिरातींचे करार गेले. वकिलांचे पैसे द्यायला ती वय झालं तरी खेळत राहिली.

पण काम बुडालं नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या टेनिस केंद्राला तिचं नाव दिलं. २००७ मध्ये विम्बल्डननंही बक्षीस सारखं केलं. अमेरिकेनंतर ३४ वर्षांनी! २०२० पासून देशादेशांतल्या महिला संघांच्या स्पर्धेला बिली जीन किंग कप म्हणतात. त्याचे आशिया गटाचे सामने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीला झाले.

आपल्यासाठी काय?

आपल्या देशात समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. रोजगार हमीच्या कामावर बाई-पुरुषाला एकच दर असतो. तरी शेतावर गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे आपण रोज बघतो. बिली जीनच्या गोष्टीतून मला तीन गोष्टी दिसतात. आधी आकडे मांडले. मग सगळ्या एका शब्दावर आल्या. आणि एकी टिकावी म्हणून संघटना केली. यातली एक जरी सुटली असती तर काम अर्धवट राहिलं असतं.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणत्या कामाला बाई आणि गड्याची हजेरी वेगळी आहे? आकडे वहीत लिहा.
२. एकीनं कमी पैशात हो म्हटलं तर बाकीच्यांचं काय होतं? तिला दोष न देता बोला. तिची अडचण काय असेल?
३. नऊ जणींनी बंदीचा धोका पत्करला. आपल्या गटात अशा वेळी कामावर न गेलेल्या बाईला अंतर्गत कर्जातून आधार देता येईल का?
४. तंबाखूच्या कंपनीचा पैसा तुम्ही घेतला असता का?

पहिल्या प्रश्नाची यादी सचिव ताईंनी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला घेऊन यावी. सगळ्या गटांचे आकडे एकत्र केले, की हंगाम सुरू व्हायच्या आधी ग्रामसंघात ठराव मांडता येईल. मी बैठकीला असेनच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक