*फवारणीचं द्रावण: टक्के आणि पीपीएमचा हिशोब*



औषध चांगलं, वेळ बरोबर, तरी रिझल्ट नाही किंवा उलट पानं करपली, अशा वेळी आधी द्रावणाची तीव्रता तपासा. झाकण, मूठ आणि काडेपेटी ही मापं प्रत्येकाची वेगळी असतात. आजचा धडा वहीत उतरवून ठेवा.

*१) टक्के*
१ टक्का म्हणजे १०० लिटर द्रावणात १ किलो, म्हणजेच लिटरला १० ग्रॅम.

सूत्र: *टक्के × १० × लिटर = ग्रॅम*

उदा. हरभऱ्याला फुलोऱ्यात २ टक्के युरिया फवारायचा आहे, पंप १५ लिटरचा:
२ × १० × १५ = *३०० ग्रॅम*
पंप २० लिटरचा असेल तर ४०० ग्रॅम. नवीन पंप घेतला की जुनं माप चालत नाही.

*२) पीपीएम*
दहा लाख भागात एक भाग. पाण्यासाठी सोपं: १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. १ टक्का = १०,००० पीपीएम.

सूत्र: *पीपीएम × लिटर = मिलिग्रॅम* (१००० ने भागलं की ग्रॅम)

उदा. द्राक्षाच्या घडाला पोपटी अवस्थेत १० पीपीएम जीए, पाणी २०० लिटर:
१० × २०० = २००० मिलिग्रॅम = *२ ग्रॅम शुद्ध जीए*

*३) इथे घोटाळा होतो ⚠️*
पुडीत सगळं जीए नसतं. लेबलवरचा टक्का वाचा आणि शुद्ध ग्रॅमला त्याने भागा:
▪️ ९० टक्के पावडर: २ ÷ ०.९० = *२.२२ ग्रॅम*
▪️ ४० टक्के पावडर: २ ÷ ०.४० = *५ ग्रॅम*

शेजारी ४० टक्क्यांची ५ ग्रॅम टाकतो म्हणून आपण ९० टक्क्यांची ५ ग्रॅम टाकली, तर द्रावण १० ऐवजी २२.५ पीपीएमचं होतं. दुपटीहून जास्त! घड वेडेवाकडे वळतात आणि ते परत सरळ करता येत नाहीत. कमी पडलं तर घड दाट राहतो, विरळणीची मजुरी वाढते. म्हणून "तुम्ही किती ग्रॅम टाकलं?" असं विचारू नका, "किती पीपीएम आणि किती टक्क्यांची पावडर?" असं विचारा.

*४) पंपासाठी मूळ द्रावण*
२० लिटरला १० पीपीएमसाठी फक्त ०.२ ग्रॅम शुद्ध जीए लागतं. एवढं घरच्या काट्यावर मोजता येत नाही. मग असं करा:
▪️ ९० टक्के पावडर २.२२ ग्रॅम छोट्या डिजिटल काट्यावर मोजा.
▪️ ती साध्या पाण्यात पटकन विरघळत नाही. आधी ५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा. जवळ विडी, आगपेटी नको.
▪️ आता पाणी घालून *एकूण* १ लिटर करा. वेगळं १ लिटर पाणी ओतायचं नाही.

हे झालं २००० पीपीएमचं मूळ द्रावण. त्यातून किती घ्यायचं?

*हवे पीपीएम × पंपाचे मिली ÷ मूळ पीपीएम*
१० × २०,००० ÷ २००० = *१०० मिली*

मोजपात्राने १०० मिली घ्या, पंपात टाका, २० लिटरपर्यंत पाणी भरा. अल्कधर्मी पाण्यात जीएचा परिणाम कमी होतो, म्हणून पाण्याचा सामू आधी तपासा. मूळ द्रावण त्याच दिवशी वापरा, बाटलीवर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

*सराव* ✍️
अ) १५ लिटर पंपात ०.५ टक्का १३:०:४५ साठी किती ग्रॅम?
ब) वरच्याच मूळ द्रावणातून २० लिटरला १५ पीपीएमसाठी किती मिली?

उत्तरं: अ) ७५ ग्रॅम, ब) १५० मिली.

कोणत्या अवस्थेत किती पीपीएम, हे जात आणि बागेची स्थिती बघून ठरतं. ते कंपनीच्या कृषी सल्लागाराला विचारा. विचारताना पुडीच्या लेबलचा फोटो जरूर पाठवा.

– तांत्रिक विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी