क्रूसाची खूण : तिचा उगम व अर्थ

वाचावयाचे भाग : यहेज्केल ९:१–६, १ करिंथ १:१८–२५, गलती ६:१४–१७, इब्री १३:११–१४.



बुलढाणा जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ मंडळ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या कार्यांतून उदयास आल्या. त्यांच्या उपासनेंत कपाळावर किंवा छातीवर हातानें क्रूस करण्याची चाल नाहीं. परंतु कामधंद्यासाठीं मुंबईस किंवा वसईस गेलेला आपला तरुण तेथील रोमन कॅथलिक शेजाऱ्यास जेवणापूर्वीं ही खूण करितांना पाहतो, आणि घरीं आल्यावर विचारतो, "ही खूण कोठून आली? आपण ती कां करीत नाहीं?" उपदेशकानें या प्रश्नाची थट्टा करूं नये. ज्याचा उगम ठाऊक नाहीं त्याची निंदा करणें सोपें, पण तें शहाणपण नव्हे.

१. वधस्तंभ म्हणजे काय?

'क्रूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत 'वधस्तंभ' हा शब्द आहे, व तो अधिक उघडपणें बोलतो. रोमी राज्यांत ही शिक्षा मुख्यत्वें गुलाम व बंडखोर यांच्यासाठीं असे. ती नगराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांस दिसेल अशा ठिकाणीं देत. आपला प्रभुहि वेशीबाहेर मरण पावला, असें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. वेशीबाहेर राहणें म्हणजे काय, हें आपल्यांतील पुष्कळांच्या आजापणजांस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

या मरणाची लोक कशी हेटाळणी करीत, याची एक साक्ष रोम शहरांत उरली आहे. सुमारें सन २०० च्या वेळीं कोणीं तरी तेथील एका भिंतीवर चित्र ओरखडलें. तें १८५७ सालीं सांपडलें. त्यांत गाढवाचें डोकें असलेला एक मनुष्य वधस्तंभावर आहे, समोर दुसरा हात वर करून उभा आहे, आणि खालीं लिहिलें आहे कीं अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करीत आहे. ज्या गोष्टीवरून जग हंसत होतें, तीच गोष्ट ख्रिस्ती लोकांनीं आपल्या कपाळावर घेतली.

२. खुणेचा आरंभ

यहेज्केलाच्या दर्शनांत नगरांतील पापाबद्दल शोक करणाऱ्यांच्या कपाळावर चिन्ह करण्याची आज्ञा आहे. त्या चिन्हासाठीं मूळ भाषेंत 'ताव' हा शब्द आहे. तें इब्री वर्णमालेंतील शेवटलें अक्षर असून जुन्या लिपींत त्याचा आकार क्रूसासारखा असे. पुढें आफ्रिकेंतील कार्थेज नगराचा तर्तुलियन यानें तिसऱ्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास लिहिलें कीं ख्रिस्ती लोक आंत येतांना, बाहेर जातांना, कपडे घालतांना, जेवावयास बसतांना, दिवा लावतांना व निजतांना कपाळावर ही खूण करितात. मात्र अशा चालींस शास्त्रांत लेखी आज्ञा सांपडत नाहीं, ही परंपरा आहे, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें कबूल केलें.

आरंभीं ही खूण कपाळावर बोटानें केलेली लहानशी असे. कपाळ, छाती व दोन्ही खांदे यांस स्पर्श करण्याची मोठी खूण मागाहून रूढ झाली.

३. खूण मालकीची आहे

प्राचीन मंडळी या खुणेस 'शिक्का' म्हणे. त्यासाठीं जो ग्रीक शब्द होता, तोच मेंढरांवरील धन्याच्या खुणेस व शिपायाच्या अंगावरील डागासहि लावीत. हें समजावयास आपणांस दूर जावयास नको. धनगर आपल्या मेंढरांवर रंगाची खूण करितो, ती कळप ओळखावा म्हणून. खामगांवीं १८७० सालीं कापसाच्या व्यापारासाठीं आगगाडीचा फांटा आला. तेथें प्रेसमध्यें गांठ बांधली कीं तिजवर छाप पडे. छापानें कापूस चांगला होत नाहीं. गांठ कोठली, हें मात्र कळतें. आंत कवडी कापूस भरला असेल तर तोच छाप धन्याची लाज काढतो.

४. मंडळ्यांत भेद कां?

मार्टिन लूथर यानें १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरावलींत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेसमयीं ही खूण करावयास सांगितलें. अँग्लिकन मंडळीनें बाप्तिस्म्याच्या वेळीं ती राखली. कॅल्विनाच्या मार्गानें जाणाऱ्यांनीं शास्त्रांत आज्ञा नाहीं म्हणून ती सोडली. १९७० सालीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हां अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन दोघेहि त्या एका मंडळींत आले. सारांश, ही खूण करणारा मूर्तिपूजक नव्हे, व न करणारा अविश्वासी नव्हे.

५. ताईत नव्हे

खरें भय दुसरीकडे आहे. मूल तापानें फणफणलें कीं कोणी ताईत बांधतो, कोणी अंगारा लावतो. अशा वेळीं आपल्याच घरांत "गळ्यांत क्रूस घाला म्हणजे दृष्ट लागणार नाहीं" असें कोणी म्हणालें, तर क्रूसाचा ताईत झाला. मग ताईत सोडून आपण काय मिळविलें? तापास औषध द्यावें, डॉक्टरास दाखवावें, आणि प्रार्थना करावी. क्रूस हें प्रभूला आपल्या हाती आणण्याचें साधन नव्हे. आपण त्याच्या हातीं आहों, याची ती कबुली आहे.

पौलानें आपल्या अंगावर येशूच्या खुणा असल्याचें लिहिलें. त्या बोटानें काढलेल्या नव्हत्या. त्या प्रभूसाठीं सोसलेल्या माराच्या होत्या. आपण हातानें खूण करूं वा न करूं. परंतु बाजारांत खरें माप देणें, वैऱ्यास क्षमा करणें, आणि ज्यांस लोक आजहि वेशीबाहेर ठेवितात त्यांच्या पंक्तीस बसणें, ही खूण प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या अंगीं दिसली पाहिजे.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. 'वधस्तंभ' या शब्दानें कोणती गोष्ट ध्यानांत येते?
२. तर्तुलियनानें कोणत्या दोन गोष्टी सांगितल्या?
३. मालकीची खूण व ताईत यांत भेद काय?
४. आपल्या गांवांत प्रभूची खूण कोणत्या वागणुकीवरून ओळखूं येईल?